मचाणावरून दिसणारं पाणी

कार्तिक लागला की लखनौच्या बाजारात शिंगाडे येतात. निशातगंजला आमच्या घराजवळच्या हातगाड्यांवर एका बाजूला ओले हिरवे, दुसऱ्या बाजूला उकडून काळे झालेले, आणि मध्ये कोथिंबिरीच्या चटणीचं भांडं. माझी लेक मुक्ता त्यांच्यावर लहानपणापासून जीव टाकते. मी मात्र त्या दिवसांत रस्त्याची दुसरी बाजू धरते. ओळखीचा गाडीवाला भैया हाक मारतोच, "डॉक्टर साहब, एकदम ताज़ा है!" मी "कल लेंगे" म्हणते आणि पाय उचलते. शिंगाड्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. मला त्यांच्यासमोर उभं राहायला लाज वाटते, एवढंच.

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "तुम्ही आयुष्यभर मेलेली तळी जिवंत केलीत. वाचकांना दिवाळीत प्रसन्न वाटेल असं काहीतरी लिहा." प्रसन्न वाटेल असं थोडं आहे माझ्याकडे, ते आधी सांगून टाकते. पुढचं छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

मी मूळची साताऱ्याची. नवरा, सुधीर, रेल्वेत इंजिनिअर. त्याची बदली लखनौला झाली आणि मला तिथल्या एका संशोधन संस्थेत पाणवनस्पतींच्या विभागात जागा मिळाली. दोनचार वर्षांत परत जायचंच आहे म्हणून आम्ही कपाटसुद्धा घेतलं नव्हतं. आता दोघंही निवृत्त झालो, आणि अजून इथेच आहोत. घरात मी आणि सुधीर मराठीत बोलतो, मुक्ताला सगळं समजतं, आणि उत्तर ती हिंदीत देते.

आमच्याकडे लोक औषधाच्या दुकानात यावं तसे यायचे. विकास नगरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी एकदा पिशवीत जलकुंभी घेऊन आले. जलकुंभी म्हणजे ती जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची, पाण्यावर गालिच्यासारखी पसरणारी वनस्पती. त्यांनी ती ओलीचिंब माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मैडम, इसकी कोई दवा?" मी सांगितलं, दवा नाही, तळ्यात गटाराचं पाणी सोडणं बंद करा, तिचं खाणं बंद होईल. ते त्यांना पटलं नाही. मजूर लावून त्यांनी सगळी जलकुंभी उपसून काढली आणि काही दिवसांनी पुन्हा हजर. "मैडम, अब बदबू आ रही है!" खाली जे होतं ते तिने बिचारीने इतके दिवस झाकून ठेवलं होतं. दुसरे एक गृहस्थ लग्नाचं लॉन चालवायचे. त्यांच्या आवारात डबकं होतं आणि "लगन से पहले कमल खिल जाने चाहिए" असा त्यांचा हट्ट होता. कमळांना लग्नसराई कळत नाही हे मी परोपरीने सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी प्लास्टिकची कमळं सोडली आणि आम्हाला जेवायला बोलावलं. आम्ही गेलो. रबडी उत्तम होती.

आता धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गंगेच्या या सपाट मुलखात नद्या आपली वाट बदलतात आणि जुन्या वळणांत पाणी साठून राहतं. त्याला इथे झील म्हणतात. आपल्याकडची धरणं बघितलेल्या माणसाला ती बघून हसू येईल. कुठेही उतरा, गुडघाभर नाहीतर कमरेएवढं पाणी, बाकी गवत आणि चिखल. पावसाळ्यात ती पसरते, उन्हाळ्यात आटते, आणि हे आटणं काही तिचं दुखणं नव्हे. लोकांना वाटतं, झील सुधारायची म्हणजे ती खोल खणायची आणि काठाने फरशी बसवायची. तसं केलं की तिची टाकी होते. खरं काम एवढंच असतं की पाणी येण्याची वाट मोकळी करायची, गटार वळवायचं, काठाचा उतार सावकाश ठेवायचा, आणि मग गप्प बसून वाट बघायची. हे शेवटचं कलम कुठल्याही टेंडरमध्ये बसत नाही.

नव्या शतकाचं पहिलं दशक सरता सरता हवामानबदल हा शब्द आमच्या संस्थेत शिरला. गवत, पानं, शेवाळ मरून झिलेच्या तळाशी जातं. तिथे हवा पोचत नाही म्हणून ते पुरतं कुजत नाही, आणि त्यातला कार्बन चिखलात गाडलेला राहतो. तोच चिखल घाणीने गुदमरला की मिथेन सोडतो. तळ्यात काठी ढोसली की बुडबुडे येतात ना, ते तेच. म्हणजे धडधाकट झील हवेतलं थोडं विष पोटात घेते आणि आजारी झील उलट ओकते. हे मी आधीही सांगत होते, पण तेव्हा मीटिंगमध्ये चहासुद्धा मिळायचा नाही. 'निसर्गाधारित उपाय' असं त्याचं बारसं झालं आणि चहाबरोबर काजू येऊ लागले.

त्या काजूंच्या दिवसांत मला एक झील मिळाली. नाव सांगत नाही. सीतापूरच्या रस्त्याने जाऊन आत वळलं की उसाच्या शेतांपलीकडे ती होती. एका कडेला गाव, पलीकडच्या काठाला दहापाच घरांचा एक पुरवा, म्हणजे छोटी वस्ती. बाहेरची एक संस्था पैसे देणार होती, सरकारी खातं काम करून घेणार होतं, आणि आराखडा माझा. खात्याचे साहेब श्रीवास्तवजी, गोड बोलणारे, कायम पान खाल्ल्यासारखे हसरे. मंजुरी मार्चअखेर आली. "बारिश से पहले काम दिखना चाहिए," असं त्यांनी सांगितलं. सरकारी मंजुरी मार्चअखेरच येते, त्यात कोणाचा दोष नाही.

आमच्या कामाची एक रीत आहे. झिलेचा तळ मोजायचा तर तो वैशाख-ज्येष्ठात मोजायचा. तेव्हा तळ कोरडा असतो, त्यावर चालता येतं, दुर्बिणीचं यंत्र रोवून जागोजागची उंची घेता येते. कुठे किती पाणी उभं राहील, ते कुठून शिरेल आणि कुठून निघेल, हे सगळं त्या मोजणीवर ठरतं. ती बोटभर चुकली तर अख्खी झील चुकते. म्हणून मी भर उन्हाळ्यात, लूचे गरम वारे वाहत असताना, यंत्रावर छत्री धरून तो तळ उभा-आडवा मोजला. चेहरा भाजून निघाला. सुधीरने घरी मला कैरीचं पन्हं पाजलं आणि म्हणाला, "रेल्वेचा रूळसुद्धा एवढा कोणी मोजत नाही."

मोजता मोजता मी जे दिसेल ते टिपत होते. तळात बांबूचे खुंट होते. काठाला आणि तळात मडकी पडली होती, काही फुटकी, काही धड, दोरीचे तुकडे गुंडाळलेली. ती मी कचऱ्यात धरली आणि 'उचलावा' असं लिहिलं. सुकल्या चिखलात शिंगाड्याची काटेरी टरफलं होती, एक माझ्या बुटाच्या तळव्यात घुसलंसुद्धा. वनस्पतींच्या यादीत मी आनंदाने शिंगाडा लिहिला, 'नैसर्गिकरीत्या उगवणारा'. गावच्या प्रधानांना, म्हणजे सरपंचांना, विचारलं, इथे कोणी काही करतं का? ते खाटेवरून म्हणाले, "कोई दिक्कत नहीं मैडम, सब आपका ही है." पलीकडच्या पुरव्यात मी स्वतः गेले. सगळ्या दारांना कुलपं होती. ओस पडलेली वस्ती, असं मी समजले.

माझ्या मोजण्यात चूक नव्हती, हे मला आजही सांगावंसं वाटतं, आणि सांगताना माझंच मला हसू येतं. पहिल्या पावसात पाणी बरोबर मी आखलेल्या वाटेने आत आलं. काठ भिजत भिजत, गवताच्या बुडख्यांना वळसे घालत ते पसरलं, जिथे थांबायला हवं तिथे थांबलं. आधी जिथे गटाराची काळी साय असायची तिथे स्वच्छ मातकट पाणी. बगळे आले. एके दिवशी सारसांची जोडी उतरली आणि माणसाएवढ्या उंचीचे ते पक्षी माझ्यासमोर पाण्यातून शांत चालत गेले. मी एकटीच होते. खोटं कशाला बोलू, मी रडले. हे संपादकबाईंचं प्रसन्न.

त्याच आठवड्यात रामकली आली.

तोवर झिलेला तारेचं कुंपण पडलं होतं. फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं. मी आत पाण्याचे नमुने घेत होते. कुंपणाबाहेरून एका बाईने हाक मारली, माझ्याच वयाची असेल, काटक, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. मागे तिचा नवरा आणि आणखी काही माणसं उभी होती, डोक्यावर गाठोडी तशीच. वीटभट्ट्यांचा हंगाम संपवून थेट येत होती ती सगळी.

"मटका हमार कौन उठवाइस?" ती म्हणाली.

मला वाटलं, पिण्याच्या पाण्याचं मडकं हरवलं. "कैसा मटका?"

"अरे, सिंघाड़ा वाला! दुइ-दुइ ठो, बाँस मा बँधा!"

मग तिने मला दोन हातांनी हवेत करून दाखवलं. दोन मडकी उलटी करायची, मध्ये बांबू बांधायचा, त्यावर बसायचं, आणि पाय पाण्यात सोडून हाताने वल्हवत वेलांमधून फिरायचं. शिंगाडे असेच तोडतात. मडकी तरंगतात म्हणून माणूस तरंगतो. मी पाणवनस्पतींची डॉक्टर. शिंगाड्याच्या परागकणांवर मी निबंध वाचलेला आहे. तो तोडतात कसा हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"यहाँ सिंघाड़ा आप लोग लगाते हैं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. "हम नाहीं तौ का अपने से लागत है?"

माझ्या आराखड्यात अगदी तेच लिहिलं होतं.

हळूहळू सगळं कळलं. आषाढ-श्रावणात पाणी भरलं की पुरव्यातली घरं आपापल्या हद्दीत वेल लावतात. ते बांबूचे खुंट म्हणजे त्या हद्दी. कार्तिकात तोडणी, थंडी वाढली की शेवटचे शिंगाडे, आणि मग वस्तीला कुलूप घालून सगळी भट्टीवर, ती थेट पाऊस पडेपर्यंत. मंजुरी ते मोजणी हा माझा सगळा काळ त्यांच्या कुलपांचा काळ होता. तळ मोजायला कोरडा हवा, आणि तळ कोरडा असतो तेव्हा त्या तळावर जगणारं माणूस तिथे असूच शकत नाही. हे कोणत्याही गवंड्याच्या लक्षात आलं असतं. आम्हा लोकांच्या येत नाही, कारण आमची पद्धत अचूक असते. वनस्पतींच्या यादीत शिंगाडा होता, माणसांच्या रकान्यात मी रेघ मारली होती.

रामकलीने मला पुरव्यात नेलं. तिच्या घरामागच्या डबक्यात वेल तयार होते, हिरव्या पानांच्या गाद्या एकमेकांवर चढलेल्या. ती म्हणाली, "सावन निकल जाई तौ सब सड़ जाई." तेवढंच तिचं म्हणणं होतं. कुंपण कोणाचं, कार्बन कशाचा, यातलं तिने काही विचारलं नाही. वेल पाण्यात जायला हवे होते, आणि ते पाणी मी बंद केलं होतं.

घरी येऊन सुधीरला सांगितलं. त्याने सगळं ऐकून विचारलं, "पण तुझ्या उंच्या बरोबर होत्या ना?"

"होत्या."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. पोळ्या लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी श्रीवास्तवजींकडे गेले. त्यांनी हसून बसवलं, चहा मागवला, काजू आले. मी म्हणाले, कुंपणाच्या आत वस्तीचं पाणी आहे, ते त्यांना द्यायला हवं. ते म्हणाले, "मैडम, पैसा देने वालों की शर्त है, अंदर कोई दख़ल नहीं. और आपके ही प्लान में आदमी है कहाँ? जो है ही नहीं, उसे हमने निकाला कैसे?"

ते टोचून बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, कागदात नाही म्हणजे नाही. मी विज्ञानाचा आधार शोधायला लागले. शिंगाड्याने चिखलातला कार्बन कमी होतो का? नाही. वाढतो का? तसंही छातीठोक सांगता येत नव्हतं. पक्ष्यांना त्रास होतो का? थोडा होत असेल. आयुष्यभर ज्या विद्येच्या जोरावर मी मीटिंगा जिंकल्या, तिला रामकलीबद्दल बाजूनेही काही म्हणायचं नव्हतं आणि विरुद्धही नाही. मी मूळ आराखड्यात दुरुस्ती लिहीन, चूक माझी म्हणून कळवीन, असं म्हणाले. श्रीवास्तवजी घाबरले. चूक असं लिहिलं की पैसे थांबतात, पैसे थांबले की गटार पुन्हा झिलेत. हे ते धमकी म्हणून नव्हे, काळजीने म्हणाले. आणि ते खरं होतं.

मग त्यांनीच वाट काढली. "मैडम, कोई ऐसी चीज़ लिखिए जिसमें फोटो आए. विज़िटर भी आएँगे. मचान तो बन ही रहा है."

मी लिहिलं. तिथेच, त्यांच्या टेबलावर. 'पारंपरिक उपजीविकेचं प्रात्यक्षिक.' मचाणावरून, म्हणजे पाहुण्यांसाठी बांधत असलेल्या त्या लाकडी मनोऱ्यावरून जेवढं पाणी दिसेल तेवढ्यात एका कुटुंबाने शिंगाडा लावायचा, जुन्या पद्धतीने, जुन्या साधनांनी. श्रीवास्तवजींनी ते मोठ्याने वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बहुत सुंदर! देखिए, आप लोगों के पास भाषा है."

मचाणासमोरचं पाणी योगायोगाने रामकलीचं होतं. त्याहून दुसरं कारण नाही. मी तिला बातमी सांगायला पुरव्यात गेले तेव्हा सगळी घरं अंगणात जमली होती. मी एकच नाव घेतलं. रामकलीने विचारलं, "अउर बाकी?" मी म्हणाले, "बाकी बाद में देखेंगे." माझ्या तोंडून ते निघालं तेव्हाच मला माहीत होतं की बाद में काही नाही. बाकीचे वेल डबक्यांत कुजले. पाऊस सरताच काही घरं पुन्हा भट्टीच्या वाटेला लागली, एकजण लखनौच्या अमीनाबाद बाजारात रिक्षा ओढायला लागला. मी साड्या घ्यायला तिथे जायची ते सोडलं, न जाणो त्याच्याच रिक्षात बसायची वेळ यायची. रामकलीच्या दारच्या पंपावर पुरव्यातल्या बायका नंतर कितीतरी दिवस पाण्याला येईनाशा झाल्या. हे तिने मला कधी सांगितलं नाही, मला प्रधानांनी मजेत सांगितलं.

तिचे वेल मात्र लागले. वेळेत लागले. ती त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून वेल रोवत होती आणि मी काठावर उभी राहून बघत होते. एका बाजूने मला सुटल्यासारखं वाटत होतं.

कार्तिक जवळ आला तेव्हा तिने मला एकच गोष्ट मागितली. मडकी तर मी कचऱ्यात घालवली होती. तिला नवी मडकी नको होती, ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब हवी होती. दुसऱ्या झिलेवर लोक आता ट्यूबवर बसतात, ती फुटत नाही, उलटत नाही, आणि तिच्यावर बसलं की गुडघे पाण्याबाहेर राहतात. रामकलीचे गुडघे दुखायचे. मी श्रीवास्तवजींना फोन केला. ते कळवळून म्हणाले, "अरे नहीं नहीं मैडम, ट्यूब में परंपरा कहाँ दिखेगी? आपने ही तो लिखा है, पुराने साधन."

मीच लिहिलं होतं. मी कुंभाराकडून दोन नवी मडकी आणली. ज्या वस्तूला मी उन्हाळ्यात कचरा म्हटलं होतं ती दिवाळीच्या सुमाराला मी स्वतः गाडीच्या मागच्या सीटवर, फुटू नये म्हणून शालीत गुंडाळून घेऊन गेले. रामकलीने ती बोटाने वाजवून पाहिली. "ठीक हैं," म्हणाली. ट्यूबचं पुन्हा बोलली नाही.

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. मचाणावर फुलांच्या माळा, खाली शामियाना, मला जरीच्या काठाची साडी. पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी पाण्यावरच्या रामकलीकडे बघून हात हलवला. रामकली दोन्ही हातांनी वेल उलटून शिंगाडे तोडत होती, तिने पाहिलं नाही. बाईंचा हात हवेत तसाच राहिला. श्रीवास्तवजी कासावीस होऊन मला म्हणाले, "मैडम, आपकी सुनती है, ज़रा कहिए ना." आणि मी कठड्यावरून वाकून हाक मारली, "रामकली! हाथ हिला दो ज़रा!"

मडक्यांवर बसलेल्या माणसाने एक हात उचलला की तोल जातो. मला ते तेव्हा दिसलं. मडकी एका बाजूला कलली, तिने घाईघाईने बांबू पकडला, सावरली, आणि मग सावकाश दुसरा हात वर करून हलवला. वर टाळ्या पडल्या. कॅमेरे वाजले. तो फोटो माहितीपत्रकावर आला, मग संस्थेच्या भिंतीवर, मग दिल्लीत कुठल्याशा परिषदेत. त्यानंतर पाहुणे आले की हात हलवायचा हे तिच्या कामात धरलं गेलं. लेखी कुठे नाही. मी एकदा हाक मारली तेवढी पुरली.

माझ्या निवृत्तीच्या समारंभात तोच फोटो मोठा करून, चौकटीत घालून मला भेट दिला. भाषणं झाली. विज्ञान आणि समाज यांचा संगम, असं एकजण म्हणाला. मी हार घालून बसले होते. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती, आणि मी हसत होते. घरी आल्यावर फोटो कपाटाच्या मागे भिंतीकडे तोंड करून ठेवला. मुक्ताने तो काढून पाहिला आणि विचारलं, "मम्मा, इतनी अच्छी तो है. छुपा क्यों रखी है?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पर आप और क्या करतीं?" हा प्रश्न मीही स्वतःला विचारते. उत्तर सापडत नाही म्हणून लाज कमी होते असं नाही.

झील अजून छान आहे. हेही सांगायला हवं. चिखलाचे नमुने चांगले येतात, सारस दरवर्षी येतात. माझ्या जागी आलेली मुलं अभिमानाने आकडे दाखवतात आणि मी मान डोलावते. त्या आकड्यांत खोट नाही.

नंतरच्या एका थंडीत पुण्याहून माझे दीर आणि वसुधावहिनी आले. इमामबाडा झाला, चिकनकारीचे कुर्ते झाले, मग वहिनी म्हणाल्या, "शुभा, तुझी झील दाखव की." मी खूप टाळलं. सुधीर म्हणाला, "जा गं, त्या एवढ्या हौसेने म्हणतायत." गेले.

सकाळची वेळ. धुकं नुकतं उठत होतं. आम्ही मचाणाच्या पायऱ्या चढायला लागलो, लाकूड करकरलं, आणि तेवढ्याने पाण्यावरचा हात वर गेला. रामकलीने मान वळवलीच नव्हती. पाठमोरी, दोन मडक्यांवर बसलेली, एका हाताने बांबू घट्ट धरून ती दुसरा हात हलवत होती. आता तिला हाक मारावी लागत नाही. पदराखालून दिसणारे केस पांढरे झाले होते. वहिनी "किती गोड!" म्हणाल्या आणि त्यांनी फोन काढला.

मग ती वळली आणि तिला मी दिसले. कितीतरी वर्षांनी दिसले, पण तिने ओळखलं. तिचा चेहरा मोकळा झाला, हात खाली आला.

"अरे, आप हैं!" ती म्हणाली. "तौ हम आपन काम करी?"

"हाँ, हाँ, कीजिए," मी म्हणाले. ती पुन्हा वेलांवर वाकली.

वहिनींचा फोन अजून वरच होता. "अगं, थांबल्या का त्या? फोटो नीट आला नाही. पुन्हा एकदा हलवायला सांग ना."

मी सांगणार नव्हतेच. पण रामकलीला मराठी येत नसलं तरी फोन उंच धरून खोळंबलेलं माणूस तिला कळतं. तिने हातातले शिंगाडे टोपलीत टाकले, बांबू पकडला, आणि माझ्याकडे न बघता हात वर केला.

"हां, आला," वहिनी म्हणाल्या. "छान आला."